वडिलांचे बायपॅप विकावे का?

कायदेविषयक सल्ला : वाचकांचे प्रश्न

घरात वापरून झालेल्या वैद्यकीय यंत्रांच्या विक्रीविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातील अडचण बहुतेकांची असल्यामुळे त्याचे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांना फुप्फुसांचा जुना विकार होता. छातीविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने २०१९ मध्ये आम्ही बायपॅप यंत्र (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारे) आणि पुढे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विकत घेतला. दोन्हींचा मिळून खर्च लाखाच्या वर गेला. गेल्या दिवाळीनंतर वडील वारले. यंत्रे चादर टाकून कोपऱ्यात ठेवली आहेत आणि आईला ती डोळ्यांसमोर नको आहेत. मी एका संकेतस्थळावर विक्रीची जाहिरात दिली, ती दोनच दिवसांत काढून टाकण्यात आली. आमच्या कोपऱ्यावरचे औषध दुकानदार म्हणाले, “असले काही करू नका, आत जाल.” स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू विकणे हा गुन्हा कसा होऊ शकतो? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दुकानदारांनी आपल्याला जरा जास्त घाबरवले आहे, पण त्यांचे म्हणणे निराधार नाही. वस्तू आपल्या मालकीची असणे आणि ती बाजारात आणण्याचा अधिकार आपल्याला असणे या दोन गोष्टी कायदा वेगळ्या मानतो. खुर्ची, सायकल किंवा फ्रिज विकताना हा फरक जाणवत नाही, कारण तेथे दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे असतात. औषधाच्या बाबतीत त्या वेगळ्या होतात, आणि आपल्या घरातील यंत्र कायद्याच्या दृष्टीने आज ‘औषध’ आहे.

हे वाचून आपल्याला आश्चर्य वाटेल. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने मानवी वापरासाठीची सर्व वैद्यकीय उपकरणे १ एप्रिल २०२० पासून ‘औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०’ मधील ‘औषध’ या व्याख्येत आणली. त्यापूर्वी मोजक्याच उपकरणांना हा कायदा लागू होता. त्यामुळे २०१९ मध्ये आपण घरी आणले तेव्हा जे साधे विजेचे उपकरण होते, ते चादरीखाली जाईपर्यंत औषध झाले होते. याच कायद्याच्या कलम १८ च्या खंड (क) नुसार परवान्याशिवाय कोणत्याही व्यक्तीला औषध विकता येत नाही, विक्रीसाठी साठवता वा मांडता येत नाही, विक्रीस देऊ करता येत नाही किंवा वितरितही करता येत नाही. येथे ‘कोणत्याही व्यक्तीला’ असे शब्द आहेत, ‘कोणत्याही व्यापाऱ्याला’ असे नाहीत, आणि घरातील एखादे यंत्र विकणाऱ्या कुटुंबासाठी वेगळी सूट त्या कलमात लिहिलेली नाही. ‘विक्रीस देऊ करणे’ यात जाहिरातही येते, म्हणून ती संकेतस्थळाने काढून टाकली हे आपल्या पथ्यावरच पडले असे समजा.

उपकरणांच्या विक्रीची नेमकी पद्धत ‘वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७’ मध्ये आहे. ३० सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर उपकरणे विकणाऱ्याला राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून, एमडी-४२ नमुन्यातील नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यासाठी जागा, जाणकार तांत्रिक व्यक्ती आणि खरेदी-विक्रीची नोंदवही असावी लागते. एक यंत्र विकण्यासाठी कोणी हे सगळे करणार नाही. १९४० च्या कायद्याच्या कलम २७ मध्ये परवान्याशिवाय औषध विकल्याबद्दल किमान तीन आणि कमाल पाच वर्षे कारावास आणि किमान एक लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तितका दंड सांगितला आहे. विशेष कारणे नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकते. उपकरणांसाठी ‘परवाना’ नव्हे तर ‘नोंदणी प्रमाणपत्र’ लागते, तेव्हा हीच शिक्षा लागू होते की त्याच कलमातील सौम्य शिक्षा, यावर वकील न्यायालयात वाद घालू शकतील. आपल्याला तो वाद स्वतःच्या खर्चाने घालण्याची हौस नसावी.

तरीही आपल्यासारख्या गृहस्थाला खरी भीती या कलमाची नाही, असे माझे मत आहे. औषध निरीक्षकांचे लक्ष प्रामुख्याने व्यापाऱ्यांकडे असते. पंचवीस-तीस हजारांचे एक यंत्र विकणाऱ्या घराला अडचण येते ती विक्रीनंतर काही बिघडले म्हणजे. तेव्हा कोणीतरी विचारते की हे यंत्र आले कोठून. कलम १८-अ नुसार औषध कोणाकडून मिळाले हे निरीक्षकाने विचारल्यास सांगणे बंधनकारक आहे. म्हणजे आपण ज्याला विकले तो अडचणीत आला की त्याच्या तोंडी पहिले नाव आपलेच येणार.

बिघडते काय, हेही पाहू. कॉन्सन्ट्रेटरमध्ये झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे असतात, ते हवेतील नायट्रोजन शोषून घेतात आणि त्यामुळे बाहेर पडणाऱ्या हवेत प्राणवायूचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर जाते. हे दाणे ओलाव्याने खराब होतात. यंत्र वापरात नसताना महिनोन्महिने, विशेषतः पावसाळ्यात, पडून राहिले तर ते सुरू होते, आवाजही नेहमीसारखा येतो, पण प्राणवायूचे प्रमाण खाली आलेले असते. विश्लेषक यंत्र लावल्याशिवाय हे कळत नाही. बायपॅपचे तर दाबाचे आकडेच मुळात आपल्या वडिलांसाठी डॉक्टरांनी ठरवलेले होते, आणि तेच आकडे दुसऱ्या रुग्णाला अपायकारक ठरू शकतात. मास्क, नळी आणि आर्द्रतेसाठीची पाण्याची डबी या वस्तू तर दुसऱ्याला देऊच नयेत.

शिवाय यंत्राचा एक इतिहास असतो. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने जगभरातील लाखो सीपॅप (झोपेत श्वासमार्ग उघडा राहावा म्हणून दाबाने हवा देणारी यंत्रे), बायपॅप आणि काही व्हेंटिलेटर परत बोलावले, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण रुग्णाच्या श्वासमार्गात जाऊ शकत होते. २०१९ चे यंत्र या काळात येते. यंत्राच्या खालच्या बाजूचा अनुक्रमांक कंपनीला कळवून ते परत बोलावलेल्यांत आहे का हे आपण पाहिले नसेल, तर विक्रीचा विचार सोडा, ते कोणाला फुकटही देऊ नका.

यातून दिवाणी आणि फौजदारी अशा दोन्ही जबाबदाऱ्या उद्भवतात. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ प्रमाणे वस्तू हेतूस योग्य असल्याची गर्भित हमी साधारणतः व्यवसायाने तो माल विकणाऱ्यावर येते, घरगुती विक्रेत्यावर नाही. पण कलम १५ मधील अट, म्हणजे वस्तू सांगितलेल्या वर्णनाशी जुळली पाहिजे, ही सर्वांना लागू आहे. ‘जेमतेम सहा महिने वापरलेले’ असे लिहिले आणि यंत्राच्या तासमापकावर नऊ हजार तास निघाले, तर ‘जसे आहे तसे विकले’ हे चिठ्ठीवरचे वाक्य आपल्याला वाचवणार नाही. दोष माहीत असून लपवला तर करार कायद्यानुसार खरेदीदार व्यवहार रद्द करू शकतो, आणि हेतू फसवणुकीचा दिसल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ पुढे येते. यंत्रामुळे रुग्ण दगावला आणि विक्रेत्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. असे सिद्ध करणे फिर्यादी पक्षाला सोपे नसते, हे मान्य. पण चौकशीला सामोरे जावे लागणे हीसुद्धा एक शिक्षाच असते.

आणखी एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हे यंत्र विकण्याचा अधिकार आपल्या एकट्याचा आहे का? वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, आपण आणि आपली भावंडे, त्यात विवाहित बहीणही आली, असे सारे त्याचे सहमालक आहेत. वडिलांना सरकारी किंवा कंपनीच्या आरोग्य योजनेतून यंत्राची रक्कम मिळाली असेल, तर मंजुरीपत्र काढून वाचा, कारण गरज संपल्यावर यंत्र परत करण्याची हमी त्यात लिहून दिलेली असू शकते. एखाद्या ट्रस्टच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून अनामत रक्कम भरून यंत्र आणले असेल, तर ते आपले नाहीच. आणलेले विसरून कोणी ते विकून टाकले तर विश्वासघाताची तक्रार होऊ शकते. घरात दोन वर्षे राहिलेली वस्तू आपलीच वाटू लागते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

माझा सल्ला असा की ही यंत्रे विकू नका. ज्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतली त्याच्याकडे आधी चौकशी करा. काही विक्रेते नवीन यंत्राच्या खरेदीत जुने यंत्र जमा करून घेतात आणि कोणा नातलगाला नवे यंत्र हवे असेल तर तो सौदा बरा पडतो. नाही जमले तर ज्या रुग्णालयात स्वतःचा जैववैद्यकीय अभियंता आहे अशा धर्मादाय रुग्णालयाला लेखी पत्र देऊन यंत्र द्या. त्या पत्रात यंत्राचा अनुक्रमांक, खरेदीची तारीख, वापराचे तास आणि ‘तपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरावे’ हे वाक्य असावे आणि पोच घ्यावी. कलम १८ मध्ये ‘वितरण’ हा शब्द आहे, त्यामुळे दान केले म्हणजे कायद्याच्या कक्षेतून पूर्णपणे बाहेर पडलो असे म्हणता येत नाही. पण तपासणी करू शकणाऱ्या संस्थेच्या हाती यंत्र देणे आणि अनोळखी माणसाला स्टेशनबाहेर रोख पैसे घेऊन देणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. यंत्र निकामी झाले असेल तर ते भंगारवाल्याला घालू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वैद्यकीय उपकरणेही आहेत, ती अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावीत.

प्रश्न : करोनाच्या काळात अनेकांनी कॉन्सन्ट्रेटर घेतले आणि आता ते घरोघरी पडून आहेत. मी इलेक्ट्रॉनिक्सचा पदविकाधारक असून अशी यंत्रे स्वस्तात विकत घेतो, साफ करून, लागेल तो सुटा भाग बदलून विकतो. महिन्याला चार-पाच यंत्रे जातात. मला दुकान नाही, त्यामुळे परवाना लागत नाही असे मी समजतो. ते बरोबर आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : बरोबर नाही. पुण्याच्या वाचकांना मी जो दिलासा दिला, तो आपल्याला देता येत नाही. महिन्याला चार-पाच यंत्रे म्हणजे व्यापार, मग तो दुकानात होवो की घराच्या गॅलरीत. एमडी-४२ प्रमाणपत्राची अट आपल्याला थेट लागू होते.

प्रमाणपत्र मिळवले तरी पेच सुटत नाही. प्रमाणपत्रधारकाने माल केवळ आयातदार, परवानाधारक उत्पादक किंवा नोंदणीकृत अथवा परवानाधारक विक्रेत्याकडूनच खरेदी करावा, अशी त्याची एक अट आहे. आपण तर घरोघरी जाऊन सामान्य कुटुंबांकडून घेता. म्हणजे आपल्या व्यवसायाचा पहिलाच टप्पा नियमात बसत नाही. वापरलेल्या उपकरणांच्या देशांतर्गत पुनर्विक्रीसाठी या नियमांत स्वतंत्र, सुटसुटीत वाट ठेवलेली नाही ही मला त्यांतील मोठी उणीव वाटते, कारण परवडत नाही म्हणून जुने यंत्र शोधणारा रुग्ण त्यामुळे नाहीसा होत नाही, तो फक्त आडवाटेने जातो. पण उणीव आहे म्हणून नियम नाही असे होत नाही.

दुसरा पेच दुरुस्तीचा. कायद्यातील ‘उत्पादन’ या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. विक्रीच्या उद्देशाने वस्तूत बदल करणे, तिच्यावर कोणतीही प्रक्रिया करणे, वेष्टन किंवा लेबल लावणे हेही त्यात येते. मालकाला त्याचे यंत्र दुरुस्त करून परत देणे निराळे. विकत घेऊन, आतला कॉम्प्रेसर बदलून, नवे स्टिकर लावून विकणे निराळे. दुसऱ्या प्रकारात आपण विक्रेते आहात की विनापरवाना उत्पादक, हा प्रश्न निरीक्षक विचारू शकतात.

आणि आपण व्यवसाय म्हणून विकत असल्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्याला पूर्णपणे लागू होतो. त्याच्या कलम ८६ नुसार विक्रेत्याने वस्तूत केलेला बदल हा अपायाचे महत्त्वाचे कारण ठरला, तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, मूळ उत्पादकाकडे बोट दाखवून भागत नाही. ग्राहकाला तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. आपले शिक्षण वाया जाऊ नये असे वाटत असेल तर अधिकृत विक्रेत्याकडे सेवा-तंत्रज्ञ म्हणून काम करा किंवा ग्राहकाच्याच मालकीच्या यंत्रांची देखभाल करा. हाती असलेला साठा मात्र आजपासून विकणे थांबवा.

प्रश्न : माझे पती डॉक्टर होते. त्यांच्या निधनानंतर आमचे लहान रुग्णालय बंद केले. तेथे एक सोनोग्राफी यंत्र आणि एक क्ष-किरण यंत्र आहे. एक मध्यस्थ दोन्ही यंत्रे चांगल्या किमतीला आणि रोखीने घेण्यास तयार आहे. खरेदीदाराचे नाव तो नंतर सांगणार आहे. व्यवहार करावा का? (एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा)

उत्तर : ताई, कृपा करून हा व्यवहार मुळीच करू नका. ‘नाव नंतर सांगतो’ हे शब्द ऐकल्यावर मध्यस्थाला चहा पाजून निरोप द्यावा.

सोनोग्राफी यंत्राला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा लागू आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला आणि त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला. त्याच्या कलम ३-ब नुसार या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या कोणालाही असे यंत्र विकता येत नाही, आणि यंत्र जुने आहे म्हणून सवलत नाही. या कायद्याखालील गुन्हे दखलपात्र, अजामीनपात्र आणि आपसात न मिटवता येणारे आहेत. आपल्या यंत्राचा अनुक्रमांक रुग्णालयाच्या नोंदणीत आहे. उद्या ते यंत्र एखाद्या गाडीत बसवून गावोगाव गर्भलिंगनिदान करताना सापडले, तर पोलीस त्या क्रमांकावरून आपल्या दारात येतील. म्हणून प्रथम जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातील समुचित प्राधिकाऱ्यांना, महापालिका क्षेत्र असेल तर तेथील प्राधिकाऱ्यांना, रुग्णालय बंद झाल्याचे लेखी कळवा आणि यंत्राचे काय करावे याची परवानगी मागा. खरेदीदार नोंदणीकृत केंद्र असेल, तर त्याच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत घेऊन, प्राधिकाऱ्यांना कळवून, रक्कम बँकेमार्फत घ्या. तोपर्यंत यंत्र कुलुपात राहू द्या.

क्ष-किरण यंत्राचे नियमन अणुऊर्जा नियामक मंडळ करते. आपल्या पतींनी मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर परवाना घेतलेला असेल. तो शोधा आणि हस्तांतर किंवा यंत्र मोडीत काढण्याची कार्यवाही त्याच प्रणालीवर करा. बंद क्ष-किरण यंत्रातून किरणोत्सर्ग होत नाही, त्यामुळे ते घरालगत आहे म्हणून घाबरू नका. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये भंगारात गेलेल्या उपकरणामुळे जी दुर्घटना झाली आणि एकाचा जीव गेला, तेथे कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी स्रोत होता. आपल्या यंत्रात तसा स्रोत नाही. विनापरवाना हस्तांतराची जबाबदारी मात्र आपल्यावर येते, ती टाळणे सोपे आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. सासूबाईंच्या उपचारासाठी मेडिकेअर या येथील सरकारी आरोग्य विमा योजनेतून सीपॅप आणि ऑक्सिजन यंत्र मिळाले होते. आता त्या भारतात परतल्या आहेत. येथे गॅरेज सेलमध्ये सगळे विकले जाते, मग ही यंत्रे विकली तर काय बिघडले? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : मी भारतात वकिली करतो, तेव्हा अंतिम सल्ला तेथील वकिलाचा घ्यावा. सर्वसाधारण चौकट सांगतो.

अमेरिकेत सीपॅप हे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणारे उपकरण आहे. तसा इशारा त्याच्या लेबलवर छापलेला असतो आणि केंद्रीय नियमांनुसार असे उपकरण डॉक्टरला किंवा त्याच्या चिठ्ठीवरच विकावे लागते. तेथील १९३८ च्या अन्न, औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या भंगाबद्दल पहिल्या गुन्ह्यासाठीही एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे, आणि त्यासाठी हेतू वाईट होता हे सिद्ध करावे लागत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४३ आणि १९७५ च्या निकालांत म्हटले आहे. ते दोन्ही खटले कंपन्यांच्या प्रमुखांविरुद्ध होते, गॅरेज सेलवाल्यांविरुद्ध नव्हे. पण मोठी ऑनलाइन बाजारपेठ अशा जाहिराती स्वीकारत नाही ती याच कायद्यामुळे.

त्याआधी मालकी तपासा. मेडिकेअर सीपॅपचे भाडे तेरा महिने भरते आणि त्यानंतर यंत्र रुग्णाच्या मालकीचे होते. सासूबाईंनी तेरा महिने पूर्ण केले नसतील तर ते पुरवठादाराचे आहे. ऑक्सिजन यंत्राचे तसे नाही. त्याचे भाडे छत्तीस महिने दिले जाते, पण त्यानंतरही मालकी पुरवठादाराचीच राहते. म्हणून ऑक्सिजन यंत्र विकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, पुरवठादाराला फोन करून ते घेऊन जाण्यास सांगा आणि परत केल्याची पावती सांभाळून ठेवा.

सीपॅप सासूबाईंच्या मालकीचे झाले असेल आणि ते एखाद्या धर्मादाय संस्थेला द्यायचे ठरवले, तर त्यातील मेमरी कार्ड आधी काढून घ्या. त्यात त्यांच्या झोपेच्या आणि श्वासाच्या नोंदी साठलेल्या असतात. यंत्रात मोडेम असेल तर पुरवठादाराला सांगून यंत्राची त्यांच्या खात्याशी असलेली जोडणीही बंद करून घ्या, म्हणजे दुसऱ्याच्या झोपेची नोंद सासूबाईंच्या नावावर जमा होणार नाही.